बिघडलेल्या कुंकवाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण म्हणजे काय' हा विषय घेतला होता. न्यायदर्शन झालं, ह्यूम झाला, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक ताई उठल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या बचत गटानं कोरफडीचा शाम्पू केला. आठ दिवसांत त्याला वास मारायला लागला. चाळीस बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. याचं कारण काय?" सभागृह हसलं. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला शाम्पू विचारायचा म्हणजे काय! पण घरी जाताना रिक्षात बसल्यावर हसू ओसरलं. त्या दिवशी दीड तासात कारणाविषयी एकच खरा प्रश्न विचारला गेला होता आणि तो त्या ताईंनी विचारला होता. चाळीस बाटल्यांचे पैसे त्यांचे गेले होते. ह्यूमचं काहीच गेलं नव्हतं.

म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज हा घेतला आहे. घरात आणि लहान कारखान्यांत होणारी प्रसाधनं, म्हणजे कुंकू, तेल, उटणं, केसांचा रंग, आणि ती बिघडतात तेव्हा माणसं काय करत आली, त्याचा इतिहास. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देऊ. तोवर त्यांनी थांबावं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. पंढरपूरचं कुंकू आणि बुक्का सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. वारीला गेलेला माणूस प्रसादाबरोबर कुंकवाची पुडी आणतोच. पण करमाळा तालुक्यातलं केम हे गाव बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. दौंडहून सोलापूरकडे येताना रेल्वे या गावावरून येते. कुंकवाचं गाव म्हणूनच ते ओळखलं जातं. आमच्या आत्याचं सासर तिथलं. लहानपणी, म्हणजे साधारण १९५८-६० च्या काळात, उन्हाळ्याची सुट्टी आम्ही तिथे काढत असू. आत्याच्या घरात कुंकू होत असे. परसात जाईपर्यंत तळपाय लाल होत, आणि ते लाल तळपाय घेऊन घरात शिरलं की मार मिळे.

कृती सांगायला सोपी आहे. हळकुंडं घ्यायची, ती फोडून त्यांचे बारीक तुकडे करायचे. लिंबाच्या रसात सवागी आणि थोडी तुरटी विरघळवायची. सवागी म्हणजे टाकणखार, रसायनशास्त्रातलं बोरॅक्स. त्या रसात हळकुंडाचे तुकडे भिजत घालायचे, वरखाली करत राहायचं, रस सगळा पिऊन झाला की सावलीत वाळवायचं. मग कुटायचं, दळायचं, वस्त्रगाळ करायचं, शेवटी तिळाच्या तेलाचा हात द्यायचा. झालं कुंकू. पाच वाक्यांत संपलं. पण याच पाच वाक्यांवरून दहा जणांनी कुंकू केलं तर सहा जणांचं बिघडेल, आणि का बिघडलं ते या पाच वाक्यांत कुठेही सापडणार नाही. आज आम्हाला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. कृती लिहिली जाते. बिघाड लिहिला जात नाही. तो कुणाच्या तरी हातात राहतो आणि त्या हातांबरोबर जातो.

आत्याचं एक वाक्य आम्हाला अजून आठवतं. "वलं असताना रंग बघू नगं. वाळल्यावर बघ." लहानपणी वाटायचं, ही सुगरणीची सावधगिरी असेल. पुढे कितीतरी वर्षांनी, एका रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याशी बोलताना उलगडा झाला. हळदीत जो पिवळा पदार्थ आहे, कर्क्युमिन, तो १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी वेगळा काढला. त्याची रचना कळायला १९१० साल उजाडलं. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे आपल्याला त्यांनी सांगायची गरज नाही. दृष्ट काढायला किंवा ओवाळायला आपण हळदीच्या पाण्यात चुना कालवतो आणि पाणी लालभडक होतं, ते हेच. पण हा लाल रंग उधारीचा आहे. त्यात लिंबू पिळलं की पाणी पुन्हा पिवळं. आणि माणसाची त्वचा, त्वचेवरचा घाम, आम्लधर्मी असतो. म्हणजे चुन्यावर केलेलं कुंकू कपाळावर दुपारपर्यंत काय होईल? पिवळट होत जाईल, कडा पसरतील, आणि बाई म्हणेल, दुकानदारानं फसवलं.

सवागीचं गणित वेगळं आहे. सवागी एकटी टाकली तर तीही क्षारच. हळद लगेच लाल होते आणि नवखा माणूस खूश होतो. पण तो लाल रंगही उधारीचाच. लिंबाचं आम्ल पुरेसं असेल तर ओलं असताना मिश्रण फारसं लाल दिसतच नाही. ते वाळत जातं तसतसा हळदीचा आणि सवागीतल्या बोरॉनचा संयोग होतो आणि मग रंग चढतो. हा लाल मात्र आम्लाला घाबरत नाही. १८६६ साली श्लुम्बर्गर या रसायनज्ञानं हा संयोग नोंदवला. प्रयोगशाळेत बोरिक ॲसिड ओळखायला हळदीचा कागद वापरतात, त्याचं तत्त्व हेच. कागद वाळू द्यावा लागतो. वलं असताना रंग बघू नगं! हा कागद लाल झाल्यावर त्याला क्षार लावला तर तो निळसर काळा पडतो. आत्याही कधी कधी चिमूटभर कुंकवाला चुन्याचं बोट लावून बघायची. काळवंडलं तर मान हलवायची. साधा तांबूसच राहिला तर तो घाणा बाजूला. असं का करतेस, हे आम्ही कधी विचारलं नाही. मुलं विचारत नाहीत, आणि विचारायची अक्कल येते तेव्हा सांगणारी माणसं उरत नाहीत.

बिघाड आणखीही होते. हळकुंड जुनं, किडलेलं असेल तर रंग तपकिरी. उन्हात वाळवलं तर फिका, कारण हळदीचा रंग उजेडात मरतो. लोखंडाच्या भांड्यात भिजवलं तर काळपट. दळण जाडं राहिलं तर कपाळावर ठिपका बसतच नाही, गळून नाकावर येतो. पावसाळ्यात पुरतं न वाळवता डब्यात भरलं तर आठवड्यात बुरशी. आत्या काय करायची, तर बिघडलेल्या घाण्यातलं मूठभर काढून तीन वाट्यांत घालायची. एकीत लिंबू वाढवायची, दुसरीत सवागी, तिसरीला हात लावायची नाही. म्हणायची, "तिन्हीत समदं बदललंस तर कळंल का काय झालं ते?" आम्ही पुढे एम.ए.ला अन्वय-व्यतिरेक शिकलो. जे असताना कार्य घडतं आणि जे नसताना घडत नाही, ते कारण. तीस वर्षं तो भाग मुलांना शिकवला. धूर आणि अग्नी, धूर आणि अग्नी, हेच उदाहरण दरवर्षी. तीन वाट्यांचं उदाहरण एकदाही दिलं नाही. ती आमची चूक झाली.

आता एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. आत्या फार लहान वयात विधवा झाली होती. तिनं केलेलं कुंकू शेकडो कपाळांवर गेलं असेल. तिच्या कपाळावर ते कधी लागलं नाही. नव्या घाण्याचं कुंकू अंगाला लागतं कसं, जळजळतं का, खाज येते का, हे बघायचं तर ते लावायला हवं. ती ते डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायची आणि पदराखाली झाकून रात्रभर ठेवायची. सकाळी बघायची. आज त्वचारोगतज्ज्ञ नव्या केसरंगाआधी नेमकी हीच चाचणी करायला सांगतात. थोडासा रंग कोपराच्या आत किंवा कानामागे लावा, दोन दिवस थांबा. जागा आत्यानं शास्त्रासाठी निवडली नव्हती. कपाळ तिला मोकळं नव्हतं.

बरं. मग जुने ग्रंथ काय करतात? आपल्याकडे या विषयावर ग्रंथ नाहीत असं कुणी समजू नये. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा एक अख्खा अध्याय आहे. त्याची सुरुवातच मोठी माणसासारखी आहे. पांढरे केस असलेल्या माणसाला माळा, वस्त्रं, दागिने शोभत नाहीत, तेव्हा आधी केसांचं बघा, असं तो म्हणतो. मग केस काळे करण्याची कृती येते. लोखंडाच्या भांड्यात कोद्रूचे तांदूळ आंबवणीत शिजवायचे, त्यात लोखंडाचं चूर्ण, ते बारीक वाटून आंबवणीनं धुतलेल्या केसांना लावायचं, वर ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पानं बांधायची. मग धुवायचं. केस काळे.

यातलं रसायन अगदी खणखणीत आहे. आम्लात लोखंड विरघळतं, आवळ्यातला तुरट अंश त्या लोखंडाशी मिळून काळा होतो. जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. आजही आपल्या घरांत मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवतात, ती याच वंशातली. पण आम्हाला आवडते ती यापुढची ओळ. वराहमिहीर सांगतो की नंतर सुगंधी तेलं आणि स्नानद्रव्यं वापरून डोक्याचा लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवावा. हे वाचलं की खात्री पटते, या माणसानं किंवा त्याला सांगणाऱ्यानं हे खरोखर डोक्याला लावून बघितलं होतं. कृती नुसती ऐकून लिहिणाऱ्याला वास येत नाही.

त्याच अध्यायात तो सोळा द्रव्यं घेऊन, त्यांतली चार-चार निवडून, प्रमाणं बदलत किती सुगंध होतील याचा हिशेब मांडतो. आकडा येतो १,७४,७२०. भारतीय गणिताच्या इतिहासात या आकड्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. या पावणेदोन लाखांतले किती सुगंध नाकाला लावायच्या लायकीचे निघाले नसते, हे मात्र कुणी मोजलेलं नाही.

आपल्या जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं उमरग्याच्या पुढे गेलं की बसवकल्याण येतं. ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा, त्यानं ११२९ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. त्यांतला तिसरा भाग राजाच्या उपभोगांचा. स्नान, अभ्यंग, विलेपन, सगळं आहे. फुलांनी वासवलेली तेलं आहेत. वाचताना डोळ्यांसमोर महाल उभा राहतो. पण राजाचं तेल खवट झालं तर? ते राजाला ठाऊक असायचं कारण नाही. ज्याला ठाऊक होतं त्याची पाठ त्या दिवशी शेकली असेल, आणि त्यानं ग्रंथ लिहिला नाही.

तिसरा ग्रंथ आपल्याला माहीत असायला हवा आणि नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे हे फार मोठे संशोधक. पान-विड्यापासून अत्तरापर्यंत रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास त्यांनी हस्तलिखितांतून खणून काढला. १९४५ साली त्यांनी एका दुर्मिळ हस्तलिखिताविषयी लिहिलं. त्यात गंगाधराचा गंधसार होता आणि अज्ञात लेखकाचा गंधवाद होता, आणि गंधवादावर मराठी टीका होती. गोड्यांच्या अंदाजानं तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यानचा. म्हणजे संत एकनाथांच्या आधी कुणीतरी मराठी माणूस गंधद्रव्यं कशी करावीत हे मराठीतून समजावून सांगत होता. पुढे १९८९ मध्ये हे दोन्ही ग्रंथ बडोद्याहून छापून आले. गंधसारात सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भिजवणं, शिजवणं, धुरी देणं, फुलांत मुरवणं अशी ही कामं. लेखकाला पक्कं ठाऊक आहे की द्रव्यं तीच असली तरी क्रमात चुकलं तर माल चुकतो.

संस्कृत ग्रंथांत बिघाडाची नोंद अजिबात नाही, असं म्हटलं तर मात्र वैद्य मंडळी आमच्यावर धावून येतील, आणि ते बरोबर असेल. शार्ङ्गधरसंहितेत औषधी तेल सिद्ध झालं की नाही हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. तेलात शिजवलेल्या कल्काची बोटांनी वात वळली पाहिजे. ती विस्तवात टाकली तर चिरचिरता कामा नये. तेल असेल तर फेस यावा, तूप असेल तर फेस विरावा. मृदू पाक, मध्यम पाक, खर पाक असे प्रकार केले आहेत आणि कुठे थांबायचं तेही सांगितलं आहे. वात चिरचिरली याचा अर्थ आत पाणी आहे. पाणी राहिलं तर तेल टिकणार नाही. घरी माक्याचं तेल करणाऱ्या प्रत्येक बाईनं ही एक चाचणी शिकून घ्यावी. कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर कढई परत चुलीवर, आणि आच मंद.

इथे एक सोलापुरी भानगड सांगायला हवी. आपला जिल्हा करडईचा. एका महिला मंडळानं काही वर्षांपूर्वी ठरवलं की बाहेरचं खोबरेल कशाला, आपल्या करडईच्या तेलात माका उकळू. विचार चांगला, स्वदेशी. तेल झालंही. महिन्याभरात बाटल्यांची तोंडं चिकट झाली, केसांना लावलं तर उशी चिकटायला लागली, आणि वास असा की जुन्या रंगाच्या डब्याचा. बायका म्हणाल्या, माका वाईट निघाला. माक्याचा काही दोष नव्हता. करडईचं तेल खायला उत्तम, पण ते हवेत सुकणारं तेल आहे, जवसासारखं. खूप वेळ तापवलं की ते दाट होत जातं. पूर्वी त्याचं रोगण करून चामड्याला, मोटेच्या दोरांना लावत. म्हणजे या बायकांनी नकळत डोक्याला रोगण लावलं होतं! तीळ किंवा खोबरेल घेतलं असतं तर हे झालं नसतं. खोबरेल फार हळू खवट होतं. करडई भराभर.

करडईचा विषय निघालाच आहे तर तिच्या फुलाबद्दल दोन वाक्यं. पंढरपूरच्या व्यापाराच्या इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत बुक्का आणि उदबत्त्यांबरोबर कुसुंब्याचा रंगही बाहेर जात असल्याचं येतं. कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलाचा लाल. फुलं आधी पाण्यात तुडवून पिवळा रंग घालवायचा, मग क्षाराच्या पाण्यात लाल रंग उतरवून घ्यायचा, मग आंबट घालून तो रंग खाली बसवायचा. जपानात बायका याच फुलाचा लाल ओठांना लावत. क्षारानं सोडायचा, आम्लानं धरायचा. हळदीचं नाटक आणि करडईचं नाटक वेगळं, पात्रं मात्र तीच दोन. आणि कुसुंबी लुगडं साबणानं धुतलं की रंग का जायचा, तेही यातच आलं.

मेणाचंही तसंच. पूर्वी कोरडं कुंकू, पिंजर, कपाळाला टिकावी म्हणून आधी मेणाचं बोट लावत आणि त्यावर कुंकू. नुसतं मधमाशीचं मेण साठ अंशांच्या वर वितळतं, पण ते बोटाला यावं म्हणून त्यात तेल मिसळावं लागतं, आणि तेल जितकं जास्त तितकं ते लवकर ओघळतं. पुण्याचं मेण सोलापूरच्या वैशाखात चालत नाही. इथे उन्हाळ्याची डबी वेगळी, हिवाळ्याची वेगळी. सासरी आलेल्या पुणेरी सुनेला हे पहिल्या एप्रिलमध्ये कळायचं.

केस धुण्याबद्दल थोडक्यात. शहरात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना सांगायला नको. साबणानं केस धुतले की केसांवर पांढरट चिकटा बसतो. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून तो साका होतो. घरी केलेल्या साबणाला लोक दोष देतात, पण विकतचा साबणही त्या पाण्यात तेच करतो. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस जड पाण्यात साका धरत नाही. आणि शेवटचं पाणी लिंबाचं घ्यायचं ही जी जुनी रीत आहे, ती पाण्यावरचा उतारा आहे. आमच्या आईला जड पाणी हा शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, "या विहिरीला लिंबू लागतं."

आता जरा अवघड भागाकडे येतो. आतापर्यंतचे सगळे बिघाड असे होते की डोळ्यांना दिसतात, नाकाला कळतात. करणारा आणि लावणारा एकाच गावातले, बहुतेक एकाच आळीतले. कुंकू पिवळं पडलं तर बाई संध्याकाळी परत आणून दाखवणार. विसाव्या शतकात हा धागा तुटला. हळदीऐवजी स्वस्त रंग आले. 'काळी मेंदी' म्हणून पुड्या आल्या, त्यांत मेंदी नावाला आणि पीपीडी नावाचं रसायन कामाला. ते सोसलं तर सोसलं, नाही तर चेहरा सुजून डोळे मिटतात. हे बिघाड तीन वाट्यांत सापडत नाहीत. १९४० च्या औषध कायद्यात प्रसाधनांचा समावेश १९६२ मध्ये झाला. विक्रीसाठी करायचं तर परवाना लागतो, शिशाचे आणि सोमलाचे रंग चालत नाहीत. बचत गटांनी हे आधी वाचावं, बाटल्या नंतर भराव्यात.

आमच्या शेजारी एक कुटुंब राहत असे. नाव-गाव सांगत नाही. थोरल्या मुलीच्या कपाळावर, बरोबर भुवयांच्या मध्ये, पांढरा डाग आला. गोल, रुपयापेक्षा लहान. कुणीतरी म्हणालं, कोड. एवढा एक शब्द पुरला. ठरत आलेलं लग्न मोडलं. धाकटीचीही स्थळं थांबली. देवाचं झालं, वैद्याचं झालं. आम्ही तेव्हा कॉलेजात कार्यकारणभाव शिकवत होतो आणि रोज त्यांच्या दारावरून जात होतो. डाग टिकलीच्या आकाराचा आहे, टिकलीच्या जागी आहे, हे आम्हाला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. पुढे कधीतरी वाचनात आलं की चिकट टिकल्यांच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या रसायनानं कातडीचा रंग जातो, आणि भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे नोंदवून ठेवलं आहे. तो अंगभर पसरणारा कोडाचा आजार नव्हता. टिकली बंद केली की पुष्कळदा डाग तिथेच थांबतो. आम्ही ते कात्रण घेऊन गेलो तेव्हा ते घर विकून ती माणसं दुसरीकडे गेली होती.

हे आम्ही स्वतःला दोष देण्यासाठी सांगत नाही. म्हणजे थोडंसं त्यासाठीही सांगतो. पण मुद्दा असा की आत्याच्या कोपरावर एक रात्र ठेवलेलं कुंकू आणि कारखान्यातून आलेली टिकली यांच्यामध्ये जो माणूस होता, आधी स्वतःच्या अंगाला लावून बघणारा, तो नाहीसा झाला. आणि त्याच्या जागी कुणी आलं का, हे बघायला आपल्याला फार वर्षं लागली.

कुंकवाचा म्हणून आणखी एक बिघाड आहे, तो डबीतला नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. पुढे राज्य सरकारनंही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्या ठरावामागे ज्यांची खटपट होती त्यांतले एक, प्रमोद झिंजाडे, आपल्या जिल्ह्यातले, करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे. आपल्यामागे आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं. करमाळा तालुका. केम त्याच तालुक्यात. बातमी वाचली त्या दिवशी आम्हाला आत्याचा डावा कोपर आठवला. ती जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

असो. ताईंचा शाम्पू राहिला.

आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला आणि काय काय घातलं ते विचारलं. कोरफडीचा गर भरपूर, किसलेला साबण थोडा, पाणी, वासाला गुलाबाचं अत्तर, आणि टिकावं म्हणून सोडियम बेंझोएट. तेही प्रमाणात, कागदावर लिहिलं होतं तेवढंच. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या. म्हणजे कुठेही हलगर्जीपणा नाही. आणि तरी सडलं. आमच्या त्याच रसायनवाल्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, सोडियम बेंझोएट फक्त आम्लात काम करतं. साबण क्षार आहे. त्यांनी पहारेकरी ठेवला आणि त्यालाच झोपेचं औषध दिलं. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात थोडी साखर. जंतूंना आणखी काय हवं?

पुन्हा क्षार आणि आम्ल. आत्या असती तर म्हणाली असती, लिंबू कमी पडलं.

पण लिंबू साबणात पिळून चालत नाही, साबण फाटतो आणि वर तेलकट साय येते. म्हणून आम्ही त्यांना सांगितलं की दोन्ही एका बाटलीत घालायचा हट्ट सोडा. साबण वेगळा, गर वेगळा. गरात सायट्रिक ॲसिड घालून तो आंबट करा, मग बेंझोएट घाला. आणि चाळीस बाटल्या करू नका, तीन करा. एकीत आम्ल आणि बेंझोएट दोन्ही, दुसरीत नुसतं आम्ल, तिसरीत काहीच नाही. तारीख लिहा आणि फडताळात ठेवा. रोज झाकण उघडून वास घेऊ नका, बोट तर बुडवूच नका. विकायचा विचार परवान्याशिवाय आणि तपासणीशिवाय करू नका.

काल त्यांचा फोन आला. तिसरी पाचव्या दिवशी गेली. दुसरी बाराव्या दिवशी. पहिली एकविसाव्या दिवशी अजून ठीक आहे, पण तिचा रंग गुलाबीसर व्हायला लागलाय, आणि का ते त्यांना कळत नाही. आम्हालाही कळलेलं नाही. सहकारी म्हणतो, कोरफडीची साल नीट काढली नसेल, सालीखालचा पिवळा चीक गरात उतरला की असा रंग येतो. ताई म्हणतात, साल नीट काढली होती. आता त्यांनी पुन्हा तीन बाटल्या लावल्या आहेत. एकीत चीक मुद्दाम घातला आहे.

ताई आज आल्या आहेत, तिथे खांबाजवळ बसल्या आहेत, हातात वही आहे. त्या वहीत तारखा आणि बिघाड लिहिले आहेत. माईक आधी त्यांच्याकडे द्या.